गुहांच्या अरण्यात जाण्यापूर्वी : मुलूच्या सहलीविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात बोर्निओ बेटावरील मुलू राष्ट्रीय उद्यानाचा ओझरता उल्लेख आला होता, त्यानंतर कोल्हापूर आणि परिसरातून बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेकांचा रोख सहलीच्या आखणीवर असल्याने या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आम्ही राजारामपुरीत राहतो. मे महिन्यात मलेशियाची दहा दिवसांची सहल ठरवत आहोत. सोबत नऊ आणि चौदा वर्षांची मुले आणि सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई असतील. सहल कंपनीने दिलेल्या आराखड्यात क्वालालंपूरला तीन, गेंटिंगला एक, लंकावीला तीन आणि मुलूला एक रात्र आहे. मुलांना गुहा आणि वटवाघळे पाहायची आहेत आणि सगळा हट्ट त्यासाठीच आहे. एक रात्र पुरेल का? मे महिना योग्य आहे का? सासूबाईंना हे झेपेल का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : एक रात्र मुळीच पुरणार नाही. मुलूसाठी किमान तीन रात्री ठेवाव्यात आणि त्यासाठी लंकावी व गेंटिंग ही दोन्ही ठिकाणे गाळावीत, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. मुलांचा हट्ट गुहांसाठी असेल, तर सहलीची आखणी गुहांपासून सुरू करून बाकीचे तिच्याभोवती बसवले पाहिजे. आपल्याला मिळालेल्या आराखड्यात नेमके उलटे झाले आहे.

याचे कारण मुलूच्या भूगोलात आहे. हे उद्यान मलेशियाच्या सारावाक राज्यात, ब्रुनेईच्या सीमेजवळच्या पर्जन्यवनात आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५२९ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या राधानगरी अभयारण्याच्या जवळजवळ दीडपट. १९७४ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, १९८५ पासून ते पर्यटकांसाठी खुले झाले आणि २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. मात्र एवढी कीर्ती असूनही तिथे पर्यटकाने मोटारीने जावे असा रस्ता नाही. मिरी या किनाऱ्यावरच्या शहरातून पंख्याच्या छोट्या विमानाने अर्ध्या तासात पोहोचणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. पाऊस आणि ढग यांमुळे हे विमान उशिरा निघू शकते, क्वचित रद्दही होते. एका रात्रीच्या मुक्कामात असे घडले, तर मुलूपैकी हाती काहीच लागत नाही.

दुसरे कारण असे की मुलूमधल्या गुहा आपल्या सवडीने पाहता येत नाहीत. पर्यटकांसाठी दिवे आणि पायवाटा केलेल्या डिअर, लँग, क्लिअरवॉटर आणि विंड या चार मुख्य गुहा उद्यानाच्या गाईडबरोबर आणि ठरलेल्या वेळीच दाखवतात. क्लिअरवॉटर आणि विंड या गुहांच्या होड्या सकाळी निघतात, तर डिअर आणि लँग यांची फेरी दुपारी निघते, कारण ती फेरी संपता संपता वटवाघळे बाहेर पडण्याची वेळ व्हावी असा तिचा बेत असतो. आपले विमान दुपारी उतरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परतीला निघाले, तर या दोन्हींपैकी एकच पदरात पडेल. त्यातही संध्याकाळी जोराचा पाऊस असेल तर वटवाघळे बाहेर पडतीलच असे नाही.

वटवाघळांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपली मुले त्यासाठीच निघाली आहेत. उद्यानाच्या कार्यालयापासून डिअर गुहेपर्यंत सुमारे तीन किलोमीटरची लाकडी पायवाट आहे. गुहेचे तोंड समोर आले की आधी डोळ्यांना तिच्या आकाराचा अंदाजच येत नाही. आतील बोगदा दोन किलोमीटरांहून लांब असून काही ठिकाणी त्याचे छत शंभर मीटरांपेक्षाही उंच आहे. विजापूरचा गोलघुमट बाहेरून सुमारे एक्कावन्न मीटर उंच आहे, एवढे सांगितले म्हणजे कल्पना यावी. त्या छताला सुरकुतलेल्या ओठांची लहान वटवाघळे राहतात. त्यांची संख्या वीस ते तीस लाख असल्याचे मानले जाते. खाली विष्ठेचे ढीग साचलेले असतात आणि त्यांचा उग्र, नाकाला झोंबणारा वास गुहेच्या तोंडापासूनच जाणवतो. त्या ढिगांवर झुरळे आणि इतर किड्यांची वस्ती असते. मुलांनी कठड्याला हात लावण्यापूर्वी तिथे टॉर्च मारून पाहावे, कारण लाकडावरही विष्ठा आणि किडे असतात. गुहेत पाकोळ्या घरटी करतात, आणि पाकोळ्या व वटवाघळे यांच्यावर जगणारा एक बिनविषारी सापही इथे राहतो. मुलांना हे सगळे आधी सांगून ठेवले, तर ती दचकण्याऐवजी शोधू लागतात, असा माझा अनुभव आहे.

फेरी संपल्यावर गाईड सर्वांना गुहेसमोरच्या मोकळ्या जागेतल्या बाकांवर आणून बसवतो. साधारणपणे पाच ते साडेसहाच्या दरम्यान पहिला थवा बाहेर येतो. आधी गुहेच्या तोंडाशी वटवाघळे गोल गोल फिरत राहतात, मग त्या चक्रातून एक काळी दोरी सुटावी तसा पट्टा निघतो, आकाशात वळणे घेतो, तुटतो आणि पुन्हा जोडला जातो. असे थवे एकामागून एक बराच वेळ निघत राहतात. कड्यावर टपून बसलेला शिकारी पक्षी त्यांच्यावर झेप घेतो, तेव्हा पूर्ण पट्टा एका क्षणात बाजूला सरकतो. हे पाहताना दिव्याचा झोत थेट थव्यावर टाकू नये. परतताना अंधार पडलेला असतो, त्यामुळे प्रत्येकाकडे स्वतःचा टॉर्च हवा. पहिल्या संध्याकाळी पाऊस आला, तर दुसऱ्या संध्याकाळी त्या बाकांपर्यंत पुन्हा चालत जाता येते. तीन रात्रींचा आग्रह मी मुख्यतः या दुसऱ्या संधीसाठी धरतो आहे.

दुसऱ्या दिवसाची सकाळ मेलिनाऊ नदीवरच्या लांबट होडीतून सुरू होते. वाटेत पेनान लोकांची वस्ती लागते, तिथे वेताच्या टोपल्या आणि मण्यांच्या वस्तू विकायला मांडलेल्या असतात. पेनान आणि बेरावान हे या भागातले मूळचे लोक असून उद्यानातले अनेक गाईड आणि नावाडी त्यांच्यापैकीच आहेत. तिथे काही विकत घेणार असाल, तर सुटे पैसे जवळ ठेवा आणि फार घासाघीस करू नका. त्यानंतर विंड गुहेतले लवणस्तंभांनी भरलेले दालन पाहून पुढे क्लिअरवॉटर गुहेत जातात. हिच्यातून भूमिगत नदी वाहते आणि या गुहासमूहाची आजवर मोजलेली लांबी दोनशे किलोमीटरांहून अधिक आहे. पर्यटकांना अर्थात त्यातला अगदी छोटासा भाग दाखवतात. गुहेबाहेर नदीच्या स्वच्छ, थंडगार पाण्याचा एक डोह आहे, त्यात पोहता येते. मुलांचे पोहण्याचे कपडे सोबत असू द्यावेत.

तिसरा दिवस झाडांच्या शेंड्यांमधून जाणाऱ्या झुलत्या पुलासाठी ठेवावा. या पुलांची एकूण लांबी ४८० मीटर असून तेथेही गाईड बरोबर असतो आणि जागा मर्यादित असतात. रात्रीची जंगलफेरी जरूर करावी. काडीकिडे, बेडूक, कोळी, पानांवर झोपलेले सरडे यांची ती फेरी आहे. आपण दाजीपूरच्या जंगलात गव्यांच्या आशेने फिरतो, तशा मोठ्या प्राण्याच्या अपेक्षेने इथे गेले, तर वाट्याला निराशाच येईल. इथली श्रीमंती बारीकसारीक जीवांत आहे आणि ती पाहायला सावकाश चालावे लागते.

आता सासूबाईंविषयी. डिअर आणि लँगची वाट बहुतांशी सपाट आहे, पण जाऊन-येऊन आणि गुहेतले चालणे धरून सात-आठ किलोमीटर होतात, तेही दमट हवेत. रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारण्याची सवय असेल, तर त्यांना ही वाट झेपेल. क्लिअरवॉटरला मात्र सुमारे दोनशे पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघे दुखत असतील, तर त्यांनी होडीचा प्रवास करून डोहाकाठी थांबावे किंवा ती सकाळ मुक्कामीच विश्रांती घ्यावी. दम्याचा त्रास असेल, तर डिअर गुहेतला वास आणि धूळ लक्षात घेऊन डॉक्टरांना आधी विचारावे आणि मास्क जवळ ठेवावा. मोठे रुग्णालय मिरीत आहे आणि तिथे पोहोचायला विमानच लागते, म्हणून प्रवासविमा काढताना आजारी व्यक्तीला हलवण्याचा खर्च त्यात धरलेला आहे ना, ते नीट वाचून पाहावे. रोजच्या गोळ्या दोन-तीन दिवस पुरतील इतक्या जास्त घ्याव्यात.

मे महिना चालेल. मुलूला कोरडा असा ऋतूच नसतो. गगनबावड्याचा पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. मुलूचा पाऊस बाराही महिने येतो आणि बहुधा दुपारनंतर येतो. जून ते सप्टेंबर हा काळ तुलनेने कमी पावसाचा मानतात, पण तेव्हा आपल्याकडे शाळा सुरू झालेल्या असतात. दिवाळीची सुट्टी मात्र मी टाळेन, कारण तिथे तेव्हा पावसाचा जोर वाढत असतो आणि विमाने खोळंबण्याची शक्यताही वाढते. एक गोष्ट ध्यानात ठेवावी : १ आणि २ जूनला सारावाकमध्ये गवाई हा सुगीचा सण असतो, तेव्हा गावी जाणाऱ्यांची झुंबड उडते आणि विमानांत जागा मिळत नाहीत. मेच्या पहिल्या पंधरवड्यात जाऊन यावे हे उत्तम.

दहा दिवसांची मांडणी अशी करता येईल. पहिल्या रात्री कोल्हापूर सोडून मुंबई किंवा बेंगळुरू गाठावे, दुसऱ्या दिवशी क्वालालंपूर, तिसऱ्या दिवशी मिरी आणि चौथ्या दिवशी सकाळच्या विमानाने मुलू. चौथी, पाचवी आणि सहावी रात्र उद्यानात काढून सातव्या दिवशी मिरीला परत यावे. आठवा दिवस मिरीत मुद्दाम राखून ठेवावा. मुलूचे विमान चुकले तर तो उपयोगी पडेल आणि सगळे सुरळीत झाले, तर त्या दिवशी मोटारीने निआहच्या गुहा पाहता येतील. मिरीपासून सुमारे दोन तासांवरच्या या गुहांत १९५८ साली सापडलेली मानवी कवटी जवळजवळ चाळीस हजार वर्षांपूर्वीची मानली जाते. २०२४ साली या गुहांचाही जागतिक वारसा यादीत समावेश झाला. चौदा वर्षांच्या मुलाला ही जागा मुलूइतकीच आवडण्याची शक्यता आहे. नवव्या दिवशी क्वालालंपूरला येऊन बाटू गुहांमधल्या मुरुगन मंदिराचे दर्शन घ्यावे. सासूबाईंनी त्या २७२ पायऱ्या न चढताही खालून ती उंच सोनेरी मूर्ती पाहता येईल. दहाव्या दिवशी परत फिरावे.

आरक्षण करताना क्रम चुकवू नये. आधी उद्यानातली राहण्याची सोय आणि गुहांच्या फेऱ्या निश्चित कराव्यात, मग मिरी-मुलू विमान, आणि त्यानंतर मुंबईहून निघणारे मोठे विमान. बहुतेक लोक स्वस्त तिकीट दिसले म्हणून मोठे विमान आधी घेतात आणि नंतर मुलूला जागा नसल्याचे कळते. भारतीयांना मलेशियात तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत १ डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली आणि पुढे २०२६ च्या अखेरपर्यंत वाढवण्यात आली. प्रवासाच्या तारखांना ती लागू आहे का, हे दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत आगमनपत्र ऑनलाइन भरावे लागते. सारावाकची स्वतःची प्रवेशतपासणी असल्याने क्वालालंपूरहून मिरीला जातानाही, देश तोच असला तरी, पासपोर्ट दाखवावा लागतो. तो मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवू नये.

प्रश्न : आम्ही घरातले सगळे शाकाहारी आहोत. एवढ्या जंगलात जेवणाचे काय होईल? पैसे कसे न्यावेत? कपडे, बूट काय घ्यावेत?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : उपाशी राहण्याची वेळ येणार नाही, पण चौकशी केल्याशिवाय जेवू नये. उद्यानाच्या उपाहारगृहात भात, परतलेल्या भाज्या, नूडल्स आणि फळे मिळतात. अडचण असते ती बेलाचानची. सुक्या कोळंबीपासून केलेले हे वाटण तिथल्या सांबल नावाच्या चटणीत, लाक्सा नावाच्या रश्शात आणि पुष्कळदा साध्या पालेभाजीतही घातलेले असते, आणि स्वयंपाक करणाऱ्याला ते मांसाहारी वाटत नाही. म्हणून केवळ ‘शाकाहारी’ एवढे सांगून भागत नाही. मांस, मासे, कोळंबी आणि बेलाचान नको, असे एकेक नाव घेऊन सांगावे. सोबत भडंग, शेंगदाण्याची चटणी, थालीपिठाची भाजणी नव्हे तर तयार दशम्या किंवा खाकरे असे कोरडे आणि बंद पुड्यांतले पदार्थ घ्यावेत, कारण राहण्याच्या ठिकाणी आपल्याला स्वयंपाक करता येईलच असे नाही.

मुलूमध्ये बँक किंवा एटीएम नाही. मिरी सोडण्यापूर्वी पुरेसे रिंगिट रोख काढून घ्यावेत. कार्ड काही ठिकाणी चालते, पण जंगलात नेटवर्क गेले की तेही निरुपयोगी. तिथले प्लग ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे असतात, त्यासाठी जोडणी बरोबर हवी. छोट्या विमानात सामानाची मर्यादा कमी असते, तेव्हा मोठ्या बॅगा मिरीच्या हॉटेलात ठेवून तीन दिवसांपुरते सामान घ्यावे.

कपडे सुती न घेता लवकर वाळणारे घ्यावेत. तिथे ओला सुती सदरा दोन दिवसांतही वाळत नाही. ओल्या फळ्यांवर न घसरणारे बूट, पावसाचा हलका कोट, कॅमेरा आणि औषधे कोरडी ठेवण्यासाठी प्लॅस्टिकच्या पिशव्या, आणि टॉर्चसाठी जादा सेल, एवढे पुरे. मुख्य गुहांच्या लाकडी वाटांवर जळवांचा त्रास फारसा होत नाही, मातीच्या पायवाटांवर होतो. पावसाळ्यात राधानगरीला गेलेल्यांना त्या ओळखीच्या आहेत. लांब मोजे आणि त्यांत खोचलेली पँट हा तिथलाही उपाय आहे.

प्रश्न : मी अकरावीत आहे. आमच्या मसाई पठाराजवळ पांडवदऱ्याच्या गुहा आहेत, जोतिबाजवळ पोहाळ्याची लेणी आहेत. मग मुलूसारख्या मैलोगणती गुहा आपल्याकडे का नाहीत?
— एक विद्यार्थिनी, पन्हाळा

उत्तर : आपल्याकडचा कातळ त्यासाठी योग्य नाही. कोल्हापूर परिसरातला खडक लाव्हारसापासून झालेला बेसाल्ट आहे आणि पठारांच्या माथ्यावर जांभा आहे. पांडवदरा आणि पोहाळे इथल्या गुहा माणसांनी छिन्नी-हातोडीने, राहण्यासाठी आणि उपासनेसाठी कोरल्या आहेत. मुलूमध्ये मात्र चुनखडीचा शेकडो मीटर जाडीचा थर आहे. ही चुनखडी उथळ समुद्रातल्या प्रवाळ आणि शंखशिंपल्यांच्या साचण्यातून कोट्यवधी वर्षांपूर्वी बनली आणि पुढे जमीन उचलली गेल्यावर वर आली. पावसाचे पाणी हवेतून आणि कुजलेल्या पानांच्या थरातून कार्बन डायऑक्साइड घेते, त्याने ते किंचित आम्लधर्मी होते आणि भेगांतून उतरताना चुनखडी विरघळवत जाते. भेगेची फट होते, फटीचा ओहोळ होतो आणि त्या ओहोळाचा नदी वाहील एवढा बोगदा होतो. डोंगर उचलला जात राहिला की नदी अधिक खाली उतरते आणि तिचा जुना मार्ग वर कोरडा राहतो. मुलूच्या गुहा अशा मजल्यांनी एकावर एक आहेत. छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड गुहेच्या हवेत निघून गेला की विरघळलेला चुना पुन्हा साचतो आणि त्याचे लवणस्तंभ होतात. लँग गुहा आकाराने लहान असली तरी या स्तंभांसाठी ती मला सर्वांत अधिक आवडते. तिथे ते हाताच्या अंतरावर दिसतात, आणि म्हणूनच हात लावायचा मोह आवरावा लागतो, कारण बोटांचे तेल लागले की त्या जागी चुना नीट साचत नाही.

प्रश्न : आम्ही चार मित्र दरवर्षी पन्हाळा ते पावनखिंड मोहीम करतो, सह्याद्रीतले बरेच गडही केले आहेत. मुलूला जाऊन पिनॅकल्स चढायचे आणि सारावाक चेंबर पाहायचे असे मनात आहे. दोन्ही एका फेरीत होईल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पिनॅकल्स जरूर करा. सारावाक चेंबर पहिल्याच फेरीत धरू नका.

पिनॅकल्स म्हणजे चुनखडीची सुमारे पंचेचाळीस मीटर उंचीची, पात्यासारखी धारदार टोके. गुनुंग आपी या डोंगराच्या उतारावर ती जंगलातून वर आलेली दिसतात. ही तीन दिवस आणि दोन रात्रींची मोहीम आहे. पहिल्या दिवशी होडीने जाऊन पुढे आठ-नऊ किलोमीटर सपाट जंगलातून चालत कॅम्प ५ गाठायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे चढाई सुरू होते. अंतर ऐकायला अवघे २.४ किलोमीटर आहे, पण तेवढ्यात सुमारे १,२०० मीटर उंची चढायची असते. पावनखिंडीच्या वाटेवर लांब पल्ल्याची सवय होते. अशा सलग, उभ्या चढाची होत नाही. शेवटच्या टप्प्यात शिड्या आणि दोर आहेत आणि हात ठेवायचा प्रत्येक दगड धारदार असतो, म्हणून जाड हातमोजे हवेत. माणशी तीन लिटर तरी पाणी लागते. ठरलेल्या वेळेत ठरलेल्या जागी पोहोचला नाहीत किंवा पावसाने दगड निसरडे झाले, तर गाईड तिथूनच परत फिरवतो. त्याच्याशी वाद घालू नये. उतरताना चढाइतकाच, कित्येकांना त्याहून अधिक वेळ लागतो आणि अपघात होतात ते उतरताना, गुडघे थकल्यावर. आपल्यापैकी चौघेही एकाच दमाचे नसाल, तर जो सर्वांत सावकाश चढतो, त्याच्या वेगाचा हिशेब धरून निर्णय घ्या.

तयारीसाठी लांब मोहिमांपेक्षा पाठीवर वजन घेऊन उभा चढ पुन्हा पुन्हा चढणे आणि तितक्याच काळजीने उतरणे अधिक उपयोगी ठरेल. तीही सकाळच्या गारव्यात न करता मार्च-एप्रिलच्या उकाड्यात करावी, कारण मुलूमध्ये दमटपणा शक्ती शोषून घेतो.

सारावाक चेंबरची गोष्ट वेगळी आहे. १९८१ साली ब्रिटिश गुहासंशोधकांना सापडलेले हे दालन सुमारे सहाशे मीटर लांब आणि चारशे मीटर रुंद आहे. जमिनीच्या क्षेत्रफळाने ते जगातले सर्वांत मोठे ज्ञात भूमिगत दालन असून आकारमानाने चीनमधले मियाओ दालन त्याच्या पुढे आहे. तिथे दिवे नाहीत, पायवाट नाही. वाहत्या पाण्यातून आणि निसरड्या खडकांवरून, दोराच्या आधाराने दिवसभर चालावे लागते. गुहेत फिरण्याचा अनुभव असल्याशिवाय गाईड तिथे नेत नाहीत आणि गड चढण्याचा अनुभव त्यात धरला जात नाही. हा नियम योग्य आहे. उंचीची भीती नसलेली माणसेही पूर्ण अंधारात, पाण्याचा आवाज चहूकडून येत असताना गोंधळतात. पहिल्या फेरीत रेसर गुहेसारखी मधल्या प्रतीची, दोरांची गुहा करा. ती जमली आणि आवडली, तर गाईड स्वतःच पुढचे सांगेल.

एक सूचना खर्चाविषयी : पिनॅकल्सच्या तुकडीत माणसे मोजकीच घेतात, त्यामुळे तिथली तारीख हाती आल्यावरच विमानाची तिकिटे काढा. मोहिमेनंतर लगेचच्या सकाळी परतीचे विमान ठेवू नका. एक रात्र विश्रांतीला ठेवली, तर चारही मुख्य गुहा निवांत पाहून होतील.

प्रश्न : परदेशाचा खर्च आम्हाला परवडणार नाही. जंगल आणि खऱ्या नैसर्गिक गुहा दोन्ही असलेले ठिकाण भारतात आहे का? कोल्हापूरहून रेल्वेने जाता येईल असे सांगावे.
— एक वाचक, शिरोळ

उत्तर : आहे, आणि ते मुलूला दुय्यम पर्याय म्हणून सांगत नाही. छत्तीसगडमधल्या बस्तर जिल्ह्यात, जगदलपूरजवळ, कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यान आहे. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालेले हे जंगल सुमारे दोनशे चौरस किलोमीटरांचे आहे. साल आणि सागाच्या या जंगलाखाली चुनखडी असल्याने कुटुमसर, कैलास आणि दंडक या नैसर्गिक गुहा तिथे तयार झाल्या आहेत. कुटुमसरचे तोंड इतके अरुंद आहे की एकामागून एक असेच उतरावे लागते. आत लवणस्तंभांची दालने आहेत आणि पाण्याच्या डबक्यांत पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहून दृष्टी क्षीण झालेले छोटे मासे आहेत. गाईडने दिवा पाण्यावर तिरपा धरला, तर ते फिकट अंगाचे मासे दिसतात. पाण्यात हात घालू नये आणि गाईडने सांगितल्यावर दिवा बाजूला घ्यावा.

कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने थेट गोंदियापर्यंत जाता येते. तिथून रायपूरच्या गाड्या पुष्कळ आहेत आणि रायपूरपासून जगदलपूर रस्त्याने सुमारे तीनशे किलोमीटर आहे. प्रवास लांबचा आहे, म्हणून जगदलपूरला किमान तीन रात्री तरी राहावे. एक पूर्ण दिवस कुटुमसर आणि तीरथगड धबधब्याला, दुसरा दिवस कैलास किंवा दंडक गुहेला, आणि तिसऱ्या दिवशी इंद्रावतीवरचा चित्रकोट धबधबा, असे सोयीचे होते. पहाडी मैना हा छत्तीसगडचा राज्यपक्षी याच जंगलात आहे. माणसाच्या आवाजाची नक्कल करणारा हा पक्षी पाहायचा असेल, तर सकाळी लवकर निघावे आणि स्थानिक पक्षीगाईड सोबत घ्यावा.

पावसाळ्यात गुहांत पाणी शिरते आणि त्या बंद ठेवतात, तेव्हा पावसाळ्यातली आणि त्यानंतर लगेचची सहल आखू नये. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल, तर गुहा उघडल्याची खात्री उद्यानाच्या जगदलपूर कार्यालयात करून मगच रेल्वेचे आरक्षण करावे. डिसेंबर आणि जानेवारी सर्वांत चांगले. धबधब्यांना तेव्हाही पाणी असते आणि हवा थंड असते. कुटुमसरमध्ये मात्र थंडीतही उकडते आणि हवा जड वाटते, म्हणून हृदयाचा किंवा श्वासाचा विकार असलेल्यांनी आत फार वेळ थांबू नये. कपडे अंगाबरोबरचे असावेत, खांद्यावर पिशवी नसावी आणि लहान मुलाचा हात उतरताना सोडू नये.